एका इंजिनातील दोन इंधने

हरियाणातील रेवाडी स्थानकावरून रोहतककडे जाणाऱ्या एका डेमू गाडीला जानेवारी २०१५ मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी हिरवा झेंडा दाखविला, आणि देशातील पहिली सीएनजी रेल्वेगाडी म्हणून तिची वार्ता सर्वत्र झळकली. ज्या वाचकांनी मथळ्याखालचा मजकूरही वाचण्याचे कष्ट घेतले, त्यांना त्यात एक चमत्कारिक तपशील आढळला असेल. गाडीचे १४०० अश्वशक्तीचे इंजिन नैसर्गिक वायूवर चालणार होते हे खरे, परंतु ते केवळ एकपंचमांश. उरलेल्या चार हिश्शांचे काम पूर्वीप्रमाणे डिझेलच करणार होते. मुंबईची टॅक्सी आणि पुण्याची रिक्षा जर संपूर्णपणे वायूवर धावू शकते, तर रेल्वेच्या एवढ्या थोर यंत्राने वायूचा असा चिमूटभरच स्वीकार का करावा, हा प्रश्न एखाद्या चौकस माणसाला पडला असता तर तो अस्थानी ठरला नसता. सरकारी खात्याची प्रत्येक अपुरी योजना ही हयगयीचे फळ असते असे मानण्याची सवय आपल्याला जडली आहे. परंतु येथे खात्याकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. अडचण आहे ती डिझेल इंजिनाच्या जन्मस्वभावात, आणि तो स्वभाव समजून घेतल्यावाचून या द्वि-इंधन यंत्रांच्या गुणदोषांचा निवाडा करता येत नाही.

टॅक्सीचे इंजिन मुळात पेट्रोलचे असते. त्यात ठिणगी पाडण्यासाठी स्पार्क प्लग असतो, आणि ती ठिणगी पेट्रोलच्या वाफेवर पडते की वायूवर याच्याशी तिला कर्तव्य नसते. म्हणूनच कळ दाबताच चालक एका इंधनावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो, मात्र एका वेळी इंजिनात इंधन एकच असते. डिझेल इंजिनात ठिणगीची सोयच नाही. तेथे दट्ट्या नुसती हवा दाबतो, तिचे आकारमान मूळच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्शावर आणतो, या दाबाने ती हवा इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. प्रयोगशाळेत सावकाश मोजले तर डिझेलचे स्वयंप्रज्वलन २२० अंश सेल्सियसच्या सुमारास होते. नैसर्गिक वायूचा मुख्य घटक जो मिथेन, त्याला सुमारे ५४० अंश लागतात. इंजिनात तर पेट घेण्यासाठी सेकंदाच्या सहस्रांशांचाच अवधी मिळतो, आणि एवढ्या त्वरेने पेटायचे तर याहून कितीतरी अधिक उष्णता हवी. हवा दाबून मिळणारी उष्णता डिझेलला सहज पुरते, मिथेनला पुरत नाही. मिथेनचा रेणू चार हायड्रोजनांनी एका कार्बनला घट्ट वेढलेला, मोठा चिवट. तो जळतो उत्तम, पण त्याला पेटवावे लागते.

ते पेटविण्याचे काम डिझेलकडे सोपवावयाचे, ही कल्पना आजची नव्हे. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनाची अधिकृत परीक्षा आउग्सबुर्ग येथे १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकच्या प्राध्यापक श्र्योटर यांनी घेतली, तेव्हा इंधनातील उष्णतेपैकी २६.२ टक्के उष्णतेचे त्याने कार्यात रूपांतर केल्याचे आढळले. वाफेच्या इंजिनांच्या त्या काळात हा आकडा अद्भुतच होता. पुढे सुमारे चार वर्षांनी, १९०१ मध्ये, हवेबरोबर एक सहजी न पेटणारे इंधन दाबून त्याला दुसऱ्या, लवकर पेटणाऱ्या इंधनाच्या फवाऱ्याने प्रज्वलित करण्याच्या पद्धतीचे पेटंटही डिझेलने मिळविले. म्हणजे ज्याला आपण आज नवे तंत्र म्हणून नावाजतो त्याचे मूळ दप्तर शंभर वर्षांहून जुने आहे.

हे तंत्र प्रत्यक्षात कसे बसविले जाते ते पाहावयाचे तर एखाद्या रुग्णालयाच्या किंवा गृहसंकुलाच्या आवारातील डीजी सेटपाशी, म्हणजे डिझेलवर चालणाऱ्या वीजजनित्रापाशी, जावे. पाइपलाइनने आलेला वायू प्रथम एका गाळणीतून आणि दाब उतरविणाऱ्या रेग्युलेटरमधून जातो. तेथून विजेच्या झडपेतून तो हवेच्या गाळणीच्या पुढे, टर्बोचार्जरच्या तोंडाशी बसविलेल्या मिश्रकात येतो, आणि हवेत मिसळून तिच्याबरोबरच इंजिनात ओढला जातो. इंजिनाच्या आत काहीही बदलावे लागत नाही. सेट सुरू करताना तो निव्वळ डिझेलवरच सुरू होतो, आणि भार ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर नियंत्रक वायूची झडप उघडतो. आता मौज अशी, की डिझेल कमी करण्याचा हुकूम कोणी कोणाला देत नाही. हवेबरोबर आलेला वायू जळू लागला की इंजिनाचा वेग किंचित वाढू पाहतो. मिनिटाला १५०० फेऱ्यांहून रेसभरही अधिक होऊ न देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो गव्हर्नर ही वाढ ओळखतो आणि आपल्या अखत्यारातील डिझेलचा पुरवठा तेवढा आखडता घेतो. वायू वाढवीत जावे तसतसे डिझेल आपसूक घटत जाते. इंजिनाच्या अंगावर कंप मोजणारे आणि धुराच्या नळीत तापमान मोजणारे संवेदक बसविलेले असतात. त्यांनी तक्रार केली की वायूची झडप क्षणात मिटते आणि सेट पुन्हा निखळ डिझेलवर चालू लागतो, रुग्णालयातील दिव्याची ज्योत हलतसुद्धा नाही. वायूची वाहिनी तुटली तरी काम अडत नाही, हा या व्यवस्थेचा गुण व्यवहारात फार मोलाचा आहे. ठिणगीवर चालणाऱ्या शुद्ध वायू-इंजिनाला तो नाही.

आता सिलिंडरच्या आत डोकावू. १५०० फेऱ्यांच्या गतीने चालणाऱ्या चार-धावी इंजिनाचे एक संपूर्ण चक्र ८० सहस्रांश सेकंदात आटोपते. दट्ट्या माथ्याजवळ येत असताना इंजेक्टरमधून डिझेलचा छोटा फवारा सुटतो, एक-दोन सहस्रांश सेकंद काहीच घडत नाही, आणि मग फवाऱ्याच्या कडेला ठिकठिकाणी ज्वाला उसळतात. स्पार्क प्लगची ठिणगी एका बिंदूवर पडते. येथे अनेक बिंदूंवर एकदम आग लागते आणि तिचे बळही ठिणगीच्या अनेक पटींनी अधिक असते, त्यामुळे हवा पुष्कळ आणि वायू विरळ असे मिश्रणसुद्धा पेटू शकते. भार पुरेसा असेल तर या ज्वाला विरळ मिश्रणातून धावत सिलिंडरच्या भिंतीपर्यंत पोहोचतात, इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता निव्वळ डिझेलच्या बरोबरीची, कधी कधी थोडी सरसही राहते, आणि धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या पदार्थांत जो फरक पडतो तो खरोखरच स्पृहणीय असतो.

पहिला फरक डोळ्यांना दिसतो: काजळी जवळजवळ नाहीशी होते. काजळीचा कण तयार व्हायचा तर कार्बनला कार्बन चिकटून साखळ्या बनाव्या लागतात. डिझेलच्या रेणूत अशा साखळ्या आयत्याच असतात, मिथेनमध्ये कार्बन-कार्बन बंध एकही नाही, शिवाय तो हवेत आधीच नीट मिसळलेला असतो. उरते ती काजळी त्या छोट्या फवाऱ्याची आणि वंगणाची. दुसरा फरक दिसत नाही, पण श्वसनाच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा आहे. हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग तापमान सुमारे १५०० अंश सेल्सियसच्या वर गेले की झपाट्याने होऊ लागतो, आणि डिझेलच्या फवाऱ्याभोवतीची ज्वाला नेमकी अशीच प्रखर असते. विरळ मिश्रणातील ज्वाला तुलनेने शीतल, म्हणून नायट्रोजनची ऑक्साइडे कमी. तिसरा लाभ कार्बन डायऑक्साइडचा. सारखीच उष्णता मिळविण्यासाठी डिझेल जाळले तर दर मेगाज्यूलमागे सुमारे ७४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, नैसर्गिक वायू जाळला तर ५६ ग्रॅम. म्हणजे चौथ्या हिश्शाची बचत.

परंतु हे सारे भार पुरेसा असताना. भार वाढवीत पूर्णत्वाला नेला आणि वायूचे प्रमाणही चढते ठेवले, तर एक वेळ अशी येते की ज्वाला पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण दाबाने आपण होऊन भडकते, इंजिन नॉक करू लागते, तो धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज कानी पडतो आणि दट्ट्याची गाठ नाशाशी पडते. डिझेल इंजिनाचे संपीडन पेट्रोल इंजिनाहून पुष्कळ अधिक असल्याने हा धोका येथे जवळचा. वायूत इथेन-प्रोपेनचा अंश वाढला तर आणखी जवळचा. वरच्या बाजूची ही मर्यादा निदान आवाज करून सावध करते.

खालच्या बाजूची मर्यादा आवाज करीत नाही, आणि या विषयातील खरी गोम तीच आहे. डिझेल इंजिनाला हवेची वाट अडविणारी झडप नसते. भार कमी असो वा अधिक, ते हवा पोटभर घेते आणि फक्त इंधन कमीजास्त करते. भार एकचतुर्थांशावर आला की त्या भरपूर हवेत वायू इतका विरळ होतो की फवाऱ्याने लावलेली आग थोड्या अंतरावरच विझते आणि बाकीचा मिथेन न जळताच बाहेर पडतो. त्यातच दट्ट्याच्या वरच्या कड्यापाशी, दट्ट्या आणि सिलिंडरच्या भिंतीमधील मिलिमीटरच्या अंशाएवढ्या फटीत, ज्वाला शिरू शकत नाही पण वायू शिरतो. आणि आत घेण्याची व बाहेर सोडण्याची अशा दोन्ही झडपा काही क्षण एकदम उघड्या राहतात, तेव्हा टर्बोचार्जरने ढकललेली हवा सिलिंडर धुऊन सरळ धुराड्याकडे निघून जाते. डिझेल इंजिनात ही धुलाई हितकारक, कारण ती निव्वळ हवेची असते, पण त्याच हवेत वायू मिसळला म्हणजे विकत घेतलेले इंधन इंजिनाला न भेटताच गच्छंती पावते. अर्धवट जळालेल्या मिश्रणातून कार्बन मोनॉक्साइड वाढतो, थोडा फॉर्माल्डिहाइडही होतो. त्यामुळे भार उतरलेल्या सेटजवळ उभ्या राहिलेल्या माणसाला धूर दिसत नाही, पण डोळे मात्र चुरचुरतात. कार्यक्षमता तर घटतेच.

आता या न जळलेल्या मिथेनचा जमाखर्च मांडून पाहणे अगत्याचे आहे, कारण वायूच्या पुरस्कर्त्यांच्या वहीत हे पान पुष्कळदा कोरे असते. शंभर वर्षांच्या मुदतीत एक किलो मिथेन वातावरणाला सुमारे ३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवितो. मुदत वीस वर्षांची धरली तर ८२ किलोइतका. एक मेगाज्यूल उष्णतेसाठी मिथेन लागतो सुमारे २० ग्रॅम, आणि डिझेलऐवजी तो वापरल्याने वाचतात १८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. या २० ग्रॅमांपैकी केवळ ०.६ ग्रॅम, म्हणजे तीन टक्के, न जळता निसटला की शंभर वर्षांच्या हिशेबाने सगळी बचत शून्य झाली; वीस वर्षांच्या हिशेबाने तर एक टक्का गळतीच पुरे. विहिरीपासून इंजिनापर्यंतच्या वाहिन्यांतील गळती यात धरलेलीच नाही. आणि ही गळती धुराड्यात अडवावी म्हटले, तर साधे उत्प्रेरक कार्बन मोनॉक्साइडचा समाचार घेतात पण मिथेनपुढे हात टेकतात. त्याच्यासाठी पॅलेडियमचा उत्प्रेरक हवा, आणि त्यालाही चारशे अंशांच्या वरचे तापमान हवे, जे नेमके कमी भारावर, म्हणजे गरज सर्वांत अधिक असते तेव्हा, मिळत नाही.

असे असता दिल्ली आणि तिच्या परिसरासाठी नेमलेल्या वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने डीजी सेटांबाबत जी फर्माने काढली, त्यांत ७० टक्के वायू आणि ३० टक्के डिझेल या प्रमाणात चालणाऱ्या द्वि-इंधन संचाला मान्यता दिली, ती चूक म्हणावयाची काय? मला तसे वाटत नाही. हिवाळ्यात दिल्लीकराच्या छातीत जे साठते ते मिथेन नव्हे, काजळी आहे. आणि तात्काळ दुखण्यावरचा उतारा म्हणून हा बदल समर्थनीयच आहे. परंतु बहुतेक गृहसंकुलांत सेट विकत घेताना सर्व घरे, सर्व लिफ्ट, सर्व पंप एकदम चालतील असे गृहीत धरून मोठा घेतला जातो, आणि वीज गेल्यावर प्रत्यक्षात त्याच्यावर त्याच्या ताकदीचा लहानसा हिस्साच भार पडतो. अशा सेटवर ७० टक्क्यांचा आकडा कागदावरच राहतो. नियंत्रक प्रामाणिक असेल तर वायू बंद ठेवून डिझेलच जाळतो, आणि प्रामाणिक नसेल तर वायू वाया घालवितो. एका मोठ्या सेटऐवजी दोन लहान ठेवून गरजेप्रमाणे एक किंवा दोन चालविण्याची तजवीज केली, तर तोच संच अधिक इमानेइतबारे काम करील. पण संकुलाच्या समितीपुढे जे कोटेशन येते त्यात हा मुद्दा सहसा नसतो.

रेल्वेची गोष्टही अशीच आहे. प्रवासी गाडीचे इंजिन स्थानकावर रिकामे फिरते, मग पूर्ण जोर लावते, मग पुन्हा उतरते. जुन्या इंजिनाच्या हवेत वायू सोडून असा चढउतार सांभाळायचा तर एकपंचमांश हे प्रमाण भित्रेपणाचे नसून विवेकाचे मानावे लागते.

ज्या ठिकाणी भार दिवसचे दिवस एकसारखा राहतो असे स्थळ म्हणजे समुद्र. द्रवरूप वायू उणे १६२ अंशांवर साठविला की त्याचे आकारमान सहाशेपट घटते, त्यामुळे जहाजावर तो मुबलक नेता येतो. आणि महासागरात लागलेले जहाज एकाच गतीने आठवडाभर चालत राहते. सप्टेंबर २०२० मध्ये सेवेत आलेल्या ‘सीएमए सीजीएम जाक सादे’ या तेवीस हजार पेट्यांच्या फ्रेंच जहाजाला असेच द्वि-इंधन इंजिन आहे. येथे अभियंत्यांचे दोन पंथ पडले आहेत. एका पंथाचे लोक वायू कमी दाबाने हवेत मिसळून मग दाबतात, आणि सुमारे एक टक्का डिझेलच्या फवाऱ्याने पेटवितात. जाक सादेचे इंजिन या पंथातले. दुसरे लोक नुसती हवाच दाबतात, आधी डिझेलचा लहान फवारा सोडतात, आणि पेटलेल्या ज्वाळेतच सुमारे ३०० बार दाबाने वायू सोडतात. तो आत येतो तोच जळत येतो, म्हणून त्याला कोपऱ्यात दडायला किंवा उघड्या झडपेतून निसटायला अवसर मिळत नाही, आणि नॉकिंगची भीतीही उरत नाही. व्होल्वोने २०१७ मध्ये मालमोटारींसाठी जे वायू-इंजिन आणले तेही याच वळणाचे. मग सर्वांनी दुसराच मार्ग का धरू नये? कारण त्याची ज्वाला डिझेलसारखीच प्रखर असते, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांची बचत हातची जाते. मंदगती इंजिनांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची कडक मर्यादा किलोवॉट-तासामागे ३.४ ग्रॅमची आहे. पहिला पंथ ती वायूवर चालताना बिनासायास पाळतो, दुसऱ्याला धुराड्यावर आणखी यंत्रसामग्री चढवावी लागते. एक विष कमी केले की दुसरे डोके वर काढते, आणि दोन्ही एकदम कमी करणारा उपाय खिशाला परवडत नाही.

युरोपीय संघाच्या नियमांत जहाजांच्या इंजिनांतून न जळता निसटणाऱ्या मिथेनच्या गळतीचे ठोकळ आकडे लिहून ठेवले आहेत: कमी दाबाच्या चार-धावी इंजिनांना ३.१ टक्के, कमी दाबाच्या दोन-धावी इंजिनांना १.७ टक्के, आणि उच्च दाबाच्या दोन-धावी इंजिनांना अवघे ०.२ टक्के. वर मांडलेल्या तीन टक्क्यांच्या उंबरठ्याशी ते ताडून पाहिले म्हणजे कोणते जहाज वातावरणाच्या खात्यात जमा करते आणि कोणते नावे टाकते ते उघड होते. हे आकडे तरी खरे आहेत काय, हे पाहण्यासाठी ड्रोन आणि हेलिकॉप्टर जहाजांच्या धुराच्या लोटात नेऊन मोजमाप करण्यात आले, आणि जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत कमी दाबाच्या चार-धावी इंजिनांची सरासरी गळती ६.४ टक्के भरली. नियमात मानलेल्या आकड्याच्या दुप्पट. बंदराच्या आसपास, गती आणि भार उतरलेला असताना, ही इंजिने काय करतात याचा अंदाज डीजी सेटच्या वर्णनावरून वाचकाला बांधता येईल. २०२६ पासून युरोपीय संघाच्या कार्बन-आकारणीत जहाजांच्या मिथेनचाही समावेश झाला असल्याने हा निसटता वायू आता जहाजमालकाच्या खिशाला प्रत्यक्ष लागणार आहे.

आपल्या खेड्यांत या पद्धतीचा एक प्रयोग फार पूर्वी, आणि फारसा गाजावाजा न होता, झालेला आहे. गोबरवायूत सुमारे साठ टक्के मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. हा दुसरा वायू जळत नाही, परंतु नॉकिंगला आवर घालतो, त्यामुळे शेतावरचे साधे पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन ८० टक्क्यांपर्यंत डिझेल वाचवून त्याच्यावर चालू शकते, अश्वशक्तीमागे तासाला अर्ध्या घनमीटरच्या आतबाहेर वायू खात. कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा या गावी भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापक अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामुदायिक गोबरवायू संयंत्र उभारून, १९८७ पासून, अशाच द्वि-इंधन इंजिनावर गावाला नळाचे पाणी आणि विजेचे दिवे दिले. शेण घरोघरचे, आणि वायू निघून गेल्यावर उरलेला रबडा खत म्हणून ज्याचा त्याला परत. या वायूतला कार्बन गेल्याच हंगामातील वैरणीने हवेतून घेतलेला असल्याने त्याचा हिशेब भूगर्भातून काढलेल्या वायूहून निराळा मांडावा लागतो, जरी न जळता निसटलेला मिथेन तेथेही तेवढाच उपद्रवी असतो. आणि पाण्याचा पंप हा तर या इंजिनाला लाभलेला आदर्श धनी: सुरू झाल्यापासून टाकी भरेपर्यंत त्याची मागणी तसूभर हलत नाही, म्हणून एकदा वायूची तोटी जुळविली की काम भागते. रात्री त्याच इंजिनावर चार दिवे तेवढे लावायचे असतील, तर चालविणाऱ्याने तोटी आवळून डिझेलचा वाटा वाढवून द्यावा.